डांबर म्हटलं तरी एकसारखं नसतं : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आयर्लंडच्या टारमॅक (म्हणजे डांबरी रस्त्यांवरच्या) रॅली चॅम्पियनशिपवर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता, त्यामुळे काही पत्रं एकत्र केली आहेत.

गाड्या एकामागून एक सुटतात, मग शर्यत कुणाची कुणाशी? आणि अजिंक्यपद कसं ठरतं? (ठाणे)

शर्यत घड्याळाशी. रस्त्याचा ठरावीक तुकडा वाहतुकीला बंद करतात, त्याला स्टेज म्हणतात. साधारण ८ ते २५ किलोमीटरच्या या स्टेजवर गाड्या अर्ध्या किंवा एका मिनिटाच्या अंतराने सोडतात आणि वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. दोन स्टेजेसमधला रस्ता मात्र चालू वाहतुकीचा. तिथे सिग्नल, वेगमर्यादा, ट्रॅक्टर सगळं आलं आणि नियम मोडला तर पोलीस इतर कुणालाही पकडतील तसेच स्पर्धकालाही पकडतात. सगळ्या स्टेजेसच्या वेळांची बेरीज आणि त्यात दंडाचे सेकंद. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला.

अजिंक्यपद १९७८ पासून चालू आहे. फेऱ्या साधारण अशा : फेब्रुवारीत गॉलवे, मार्चमध्ये क्लोनाकिल्टीची वेस्ट कॉर्क, ईस्टरला सर्किट ऑफ आयर्लंड, मेच्या सुरुवातीला किलार्नीची रॅली ऑफ द लेक्स, जूनमध्ये डॉनेगल, ऑगस्टमध्ये अल्स्टर आणि शरद ऋतूत कॉर्क २०. एखाद्या वर्षी यातली एखादी गळते. गंमत अशी की यातल्या काही फेऱ्या आयर्लंड प्रजासत्ताकात होतात आणि काही उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. दोन देश, दोन नियामक संस्था, पण अजिंक्यपद एकच. एका बाजूला पाट्या किलोमीटरमध्ये, दुसऱ्या बाजूला मैलांत. शेजारी बसून वाट आणि वेळ सांभाळणाऱ्या को-ड्रायव्हरला हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

क्रमांकानुसार गुण मिळतात. गुण हवे असतील तर हंगामासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. किती फेऱ्यांचे गुण धरायचे आणि किती सोडून द्यायचे हे त्या वर्षीच्या नियमावलीत ठरतं, म्हणून नियमावली दर वर्षी नव्याने वाचावी. २०१९ चं अजिंक्यपद क्रेग ब्रीनने ह्युंदाई आय२० आर५ घेऊन जिंकलं. जागतिक रॅलीत नाव झालेला हा वॉटरफर्डचा ड्रायव्हर राष्ट्रीय स्पर्धेसाठी घरी आला, यावरून तिथे या मालिकेचं वजन काय आहे ते कळावं. एप्रिल २०२३ मध्ये क्रोएशियात सराव करताना अपघातात त्याचं निधन झालं.

डांबर ते डांबर. मातीवरच्या रॅलीपेक्षा हे सोपंच असणार ना? (नाशिक)

उलट आहे. मातीवर गाडी घसरते, पण सांगून घसरते. डांबरावर पकड सुटते ती एकदम, आणि त्या वेळी वेगही जास्त असतो.

त्यातही आयर्लंडचं डांबर स्पेन किंवा जर्मनीतल्या डांबरासारखं नाही. शर्यतीला वापरतात ते बहुतेक गावरस्ते. रुंदी इतकी की समोरून ट्रॅक्टर आला तर एकाला मागे जावं लागतं. साइडपट्टी नाही. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, आणि झुडपं दिसली तरी आत बहुधा दगडाची भिंत किंवा मातीचा बांध असतो. पश्चिमेकडे बरेच रस्ते दलदलीच्या पीट जमिनीवरून जातात. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो कमीजास्त खचतो, त्यामुळे वरचं डांबर लाटांसारखं होतं. डोळ्यांना सरळ दिसणाऱ्या पट्ट्यावर १६० च्या वेगाने गाडी तीनदा हवेत जाते. शिवाय रस्त्याच्या मधोमध गवताची रेघ, शेतातून ट्रॅक्टरने ओढून आणलेला चिखल, झाडांखाली दुपारपर्यंत न वाळणारी ओल, आणि अटलांटिकवरून दहा मिनिटांत येऊन जाणारी सर.

आणखी एक भानगड कापण्याची. वळणाच्या आतल्या कडेने चाक घालून वळण छोटं करणं, याला कापणं म्हणतात. पहिल्या दहा गाड्या कापून गेल्या की कडेची माती आणि खडी रस्त्यावर येते. अकराव्या गाडीला तेच वळण वेगळं. एकच स्टेज दिवसात दोन-तीनदा चालते, म्हणून सकाळच्या पेस नोट्स (को-ड्रायव्हर वाचून सांगतो त्या वळणांच्या नोंदी) दुपारी जशाच्या तशा चालत नाहीत.

किलार्नीची मॉल्स गॅप ही स्टेज एका खिंडीतून चढते. आपल्या घाटासारखी ती दिसते, पण घाटातल्या वळणाला कठड्याचा आधार असतो. इथे बाहेरच्या बाजूला पुष्कळदा खडक असतो किंवा काहीच नसतं.

माझं गॅरेज आहे. मातीवरची गाडी डांबरासाठी तयार करताना नेमकं काय काय बदलतं? (कोल्हापूर)

रॅली२ वर्गाची गाडी घेऊ, कारण सध्या सर्वांत पुढे त्याच असतात. स्कोडा फाबिया, ह्युंदाई आय२० एन, सिट्रोएन सी३, टोयोटा जीआर यारिस. १.६ लिटर टर्बो इंजिन, हवा ओढण्याच्या वाटेत ३२ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर (हवा मर्यादित ठेवणारी अरुंद कडी), चारही चाकांना ताकद, पाच गिअरचा सिक्वेन्शियल (गिअर क्रमानेच बदलणारा) गिअरबॉक्स, किमान वजन १२३० किलो. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हीकडे तेच. बदल होतात ते खाली.

चाक मातीवर १५ इंची असतं, डांबरावर १८ इंची. कारण ब्रेक. डांबरावर पुढची डिस्क ३५५ मिलिमीटरची बसते, ती १५ इंची रिममध्ये मावणारच नाही. मातीवर ३०० ची पुरते. गाडी खाली येते, स्प्रिंग कडक होतात, अँटी-रोल बार जाड लागतात, आणि पुढच्या चाकांचा कॅम्बर वाढवतात, म्हणजे चाकाचा माथा आतल्या बाजूला जास्त झुकवतात. वळणात गाडी कलली की टायरचा पूर्ण पट्टा जमिनीला टेकावा म्हणून हे. पोटाखालचा जाड संरक्षक पत्रा हलका करता येतो.

चूक होते ती इथेच. गुळगुळीत रस्त्यावर उत्तम चालणारी सेटिंग घेऊन कुणी आयर्लंडला आलं की पहिल्याच लाटेवर शॉक अब्सॉर्बरचा प्रवास संपतो, सस्पेन्शन बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळतं आणि पुढची चाकं क्षणभर रस्ता सोडतात. नेमक्या त्याच क्षणी ब्रेक लावला असेल तर चाक लॉक होतं आणि गाडी सरळ कुंपणात. म्हणून तिथले मेकॅनिक गाडी किंचित वर ठेवतात, स्प्रिंग थोडी मऊ घेतात आणि शॉक अब्सॉर्बरचं रिबाउंड, म्हणजे दबलेलं सस्पेन्शन परत उघडतानाचा रोध, नीट जुळवतात. रिबाउंड फार कडक झालं तर एका लाटेनंतर चाक खाली यायच्या आत दुसरी लाट येते आणि गाडी हळूहळू बसत जाते. सरळ रस्त्यावर गाडी दर धक्क्याला जास्त खोल बसते आहे असं ड्रायव्हर म्हणाला, तर आधी रिबाउंड दोन क्लिक सैल करून बघा. स्प्रिंगला हात नंतर.

टायरबद्दल दोन गोष्टी. थंड टायरमध्ये भरलेली हवा स्टेजच्या शेवटी ४ ते ८ पीएसआयने वाढलेली असते. म्हणून लक्ष ठेवायचं ते गरम दाबावर. को-ड्रायव्हर स्टेज संपल्यावर दाब मोजून लिहून ठेवतो. पुढच्या दोन्ही टायरमध्ये मोठा फरक आला, तर आधी डावी-उजवी वळणं किती होती ते आठवा, मग पंक्चरची शंका घ्या. दुसरी गोष्ट कंपाउंडची, म्हणजे टायरचं रबर किती मऊ किंवा कडक याची. सर्व्हिसमधून (गाडी दुरुस्त करण्याच्या थांब्यावरून) निघताना घेतलेले टायर पुढच्या दोन-तीन स्टेजेसना पुरवायचे असतात. आभाळ भरलेलं असेल तर काही जण दोन मऊ आणि दोन मध्यम टायर कर्णरेषेत लावतात, म्हणजे एका जोडीतलं चाक नेहमी बरोबर पडतं. गाडी चालवायला ते विचित्र वाटतं, पण पूर्ण चुकीच्या चार टायरपेक्षा बरं. आणि थंड, ओल्या सकाळी कडक टायर घेऊन निघणं ही तर तिथली नेहमीची चूक : टायर तापतच नाही, आणि पहिल्या स्टेजवर गेलेले वीस सेकंद दिवसभर भरून निघत नाहीत.

आम्ही दोघं मित्र रॅलीची तयारी करतोय. पेस नोट्स मराठीत लिहिल्या तर चालतील का? (पुणे)

नियमाची आडकाठी नाही. नोट्स तुमच्या दोघांच्या असतात. त्या कानडीत, मराठीत किंवा नुसत्या चिन्हांत असल्या तरी कुणाला काही म्हणायचं नसतं. प्रश्न आहे तो कानाला काय ऐकू येतं याचा.

पद्धत आधी समजून घ्या. रेकीत, म्हणजे शर्यतीआधी रस्ता पाहून घेताना, साध्या गाडीने, रोजच्या वेगमर्यादेत, त्याच स्टेजवरून बहुधा दोनच फेऱ्या मिळतात. (फेब्रुवारी २०२५ पासून आयर्लंड प्रजासत्ताकात गावरस्त्यांची मर्यादा ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे. म्हणजे १५० ने मारायचा रस्ता ६० ने बघायचा.) पहिल्या फेरीत ड्रायव्हर बोलतो, को-ड्रायव्हर पेन्सिलने लिहितो. दुसरीत को-ड्रायव्हर वाचतो, ड्रायव्हर दुरुस्त करतो. वळणाला १ ते ६ आकडे : प्रचलित पद्धतीत १ सर्वांत आवळ, ६ जवळजवळ सरळ. उलटी पद्धतही चालते, पण दोघांची एकच हवी.

आता मराठी. ‘डावं’ आणि ‘उजवं’ हे शब्द छान वेगळे आहेत, हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर गोंधळ होत नाही. ‘आवळतं’, ‘उघडतं’, ‘माथा’, ‘कापू नको’ हे सगळं नीट बसतं. ‘डावं चार माथ्यावर, ऐंशी, उजवं दोन आवळतं, कापू नको’ हे वाक्य दोन श्वासांत होतं. एक फायदा तर मराठीचाच. इंग्रजीत सहा नंबरचं वळण आणि त्यापुढे शंभर मीटर हे एकापाठोपाठ म्हटलं की सहाशे मीटर सरळ असं ऐकू येतं, आणि त्यापायी गाड्या शेतात गेल्या आहेत. मराठीत ‘सहा, शंभर’ आणि ‘सहाशे’ कधी एक होत नाहीत.

तोटा आकड्यांतच आहे. ‘तीन’ आणि ‘तीस’ यांत शेवटचा एकच ध्वनी वेगळा, आणि इंजिनच्या आवाजात शेवटचे ध्वनीच आधी मरतात. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत तर फक्त सुरुवातीचा ध्वनी वेगळा. उपाय सोपा : अंतरं मोजकीच ठेवा. पन्नास, ऐंशी, शंभर, दीडशे. तीस आणि साठ टाळा. तीसपेक्षा कमी अंतर असेल तर आकडा न घालता ‘लगेच’ म्हणा.

वेळ साधणं मात्र भाषेवर नसतं. पुढची नोट ड्रायव्हर आधीच्या वळणात शिरताना कानावर पडली पाहिजे. फार आधी सांगितली तर तो विसरतो, उशिरा सांगितली तर निरुपयोगी. हे घरी शिकता येतं : स्टेजचा इन-कार व्हिडिओ लावा, नोट्स स्वतः लिहा आणि आवाज बंद करून त्या व्हिडिओवर वाचा. मान वर करून किती वेळा रस्ता पाहिला ते मोजा. एकदाही नाही, तर ओळ हरवली की परत सापडणार नाही. एका पानावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका आणि पानाच्या शेवटी अवघड वळण येऊ देऊ नका, कारण पान उलटायला एक हात जातो.

स्टेजवर सर्वांत वेगवान असूनही संघ मागे पडतो, असं टिपणात होतं. ते कसं? (मडगाव)

मिनिटांमुळे. को-ड्रायव्हरच्या हातात टाइम कार्ड असतं. समजा, सर्व्हिसमधून ९:२४ ला निघालात आणि पुढच्या कंट्रोलपर्यंत (वेळ नोंदवण्याच्या नाक्यापर्यंत) ३८ मिनिटं दिली आहेत. तर कार्ड द्यायचं १०:०२ ला. आंतरराष्ट्रीय नियमानुसार उशिराच्या प्रत्येक मिनिटाला १० सेकंद, आणि लवकर पोहोचलात तर प्रत्येक मिनिटाला पूर्ण ६० सेकंद दंड. लवकर येणं जास्त महाग, कारण ते चालू वाहतुकीत वेग मारल्याचं लक्षण.

कंट्रोलच्या आधी पिवळी पाटी, टेबलाजवळ लाल. आपल्या मिनिटात किंवा आदल्या मिनिटात पिवळी पाटी ओलांडायची, आणि कार्ड मार्शलच्या (टेबलावरच्या अधिकाऱ्याच्या) हातात आपल्याच मिनिटात द्यायचं. १०:०२ म्हणजे घड्याळात १०:०२:०० ते १०:०२:५९. नवे को-ड्रायव्हर १०:०१:५५ ला उत्साहाने कार्ड पुढे करतात. मार्शल ते घेतो, १०:०१ लिहितो, आणि अख्ख्या दिवसात मिळवलेली आघाडी तिथेच जाते. कार्ड खिडकीच्या आत धरा, मिनिट उलटल्यावरच हात बाहेर काढा. लिहून मिळालेला आकडा गाडी हलायच्या आत तपासा. नंतर दुरुस्ती मिळवणं फार कटकटीचं.

सुरुवातीच्या दिव्याआधी गाडी हलली तर पहिल्या वेळी १० सेकंद, दुसऱ्या वेळी १ मिनिट, तिसऱ्या वेळी ३ मिनिटं. फार वेगाच्या सरळ पट्ट्यावर गवताच्या गुंडाळ्या ठेवून नागमोडी वाट केलेली असते. ती चुकवली किंवा उडवली तरी दंड. त्याचा आकडा त्या त्या रॅलीच्या पुरवणी नियमांत दिलेला असतो.

मी कामानिमित्त कॉर्कमध्ये आहे. वेस्ट कॉर्क रॅली बघायला जायचंय. तिकीट कुठे मिळतं, उभं कुठे राहायचं? (कॉर्क, आयर्लंड)

स्टेजला तिकीट नसतं. रॅलीचं छापील प्रोग्रॅम पुस्तक विकत घ्या, त्यात नकाशे आणि रस्ते बंद होण्याच्या वेळा असतात. रस्ता पहिल्या गाडीच्या बराच आधी बंद होतो, आणि एकदा आत गेलात की शेवटची अधिकृत गाडी जाईपर्यंत तुमची गाडी निघणार नाही. म्हणून गाडी बंद रस्त्याच्या बाहेर, कुणाचं फाटक न अडवता लावा आणि चालत जा. गमबूट, रेनकोट, डबा.

उभं राहायचं ते रस्त्यापेक्षा उंच आणि वळणाच्या आधी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही नाही. गाडी सुटली की तिकडेच जाते. माथ्यानंतर लगेच नाही, आणि चौकात सरळ पुढे जाणाऱ्या वाटेतही नाही, कारण ब्रेक चुकलेली गाडी तीच वाट पकडते. फाटकाच्या मागे उभं राहिल्याने सुरक्षित होत नाही, फाटक कागदासारखं मोडतं. रस्ता मोकळा आहे का ते बघणाऱ्या शून्य क्रमांकाच्या गाड्या आधी जातात, त्या गेल्या की रस्त्यावर पाय नाही. शेतातून जायचं असेल तर आधी विचारा आणि फाटक होतं तसं लावा. ज्याच्या दारातला रस्ता दिवसभर बंद आहे त्याच्या परवानगीवरच पुढच्या वर्षीची स्टेज उभी असते. आयोजक महिनेन् महिने घरोघर फिरतात ते त्यासाठीच.

व्हिडिओत जुन्या फोर्ड एस्कॉर्ट एवढ्या का दिसतात? (सातारा)

कारण लोकांना त्या आवडतात. सत्तरच्या दशकातली मार्क २ एस्कॉर्ट, ताकद मागच्या चाकांना, वजन कमी. पण आत जुनं फारसं काही उरलेलं नसतं : पुष्कळांत २.५ लिटरचं मिलिंग्टन कंपनीचं इंजिन, तीनशेच्या वर अश्वशक्ती, सिक्वेन्शियल गिअरबॉक्स. त्यांचा सुधारित गाड्यांचा गट वेगळा धरतात. कोरड्या दिवशी यातला चांगला ड्रायव्हर चारही चाकांना ताकद असलेल्या महागड्या गाड्यांच्या वेळांच्या जवळ जातो. पाऊस आला की चित्र पालटतं. बघायला मात्र तीच गाडी. वळण संपलं तरी मागचा भाग अजून वळतच असतो.

अपघात झाला तर मागून येणाऱ्या गाडीला कळतं कसं? (छत्रपती संभाजीनगर)

गाडी थांबली की लगेच मागे किमान ५० मीटरवर लाल त्रिकोण ठेवायचा. प्रत्येक संघाकडे एक फलक असतो : एका बाजूला हिरवं ओके, दुसऱ्या बाजूला लाल एसओएस. मदत नको असेल तर मिनिटाच्या आत ओके दाखवायचं. एसओएस दिसला, किंवा मोठा अपघात झालेल्या गाडीत दोघंही आतच दिसले आणि फलकच नाही, तर मागच्या संघाने थांबायलाच हवं. त्यानंतर येणारी दुसरी गाडी पुढच्या रेडिओ ठाण्यावर निरोप देते. या थांब्यात गेलेला वेळ आयोजक भरून देतात, त्यामुळे सेकंदांचं कारण कुणालाच नाही. ओके दाखवायला विसरल्याने मात्र अख्खी स्टेज थांबल्याचे प्रसंग येतात. फलक दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नको.

इतकं असूनही धोका उरतो. ड्रायव्हर मॅनस केलीने २०१६ ते २०१८ अशी सलग तीन वर्षं डॉनेगल जिंकली. २०१९ मध्ये त्याच रॅलीच्या शेवटच्या दिवशी, फॅनड हेडच्या स्टेजवर त्याचा मृत्यू झाला. रॅली तिथेच थांबवली.

आपल्याकडे अशी डांबरी मालिका का नाही? (नाशिक, पुणे आणि इतर)

भारताची राष्ट्रीय रॅली मालिका आहे, नाशिकलाही तिच्या फेऱ्या झाल्या आहेत, पण ती मुख्यतः मातीवर चालते. मळ्यातले, शेतातले कच्चे रस्ते बंद करणं जमतं. सार्वजनिक डांबरी रस्ता दिवसभर बंद ठेवायचा तर पर्यायी वाट हवी, आणि घाटातल्या रस्त्याला ती बहुधा नसते. आयर्लंडमध्ये काउंटी कौन्सिल जाहीर नोटीस देऊन, हरकती ऐकून कायद्याने रस्ता बंद करते. तिथे गावरस्त्यांचं जाळं इतकं दाट आहे की एक बंद झाला तर दुसरा असतो. डांबरावरच हात बसवायचा असेल तर कोइंबतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ब्रेकिंग शिका, आणि नोट्सचा सराव रेकीच्या वेगात, चालू रस्त्यावर, कुणालाही मागे न टाकता करा.